शेरा

पोल नंबर एकोणीस. मानेवाडा, बेसा रोडच्या आतली गल्ली.
ताणाची तार जमिनीतून निघते तिथूनच ती चढते,
चिनी मातीच्या अंड्यापाशी जरा थबकते,
मग सरळ वर.
मला शिडी लागते, रबरी हातमोजे लागतात,
सबस्टेशनचं परमिट लागतं.
तिला काही लागत नाही.

आईस्क्रीमवेल म्हणतात.
पत्त्यांतल्या बदामासारखी पानं,
आणि तो गुलाबी, कपाच्या तळाशी वितळून उरतो तसा.
दर बुधवारी लाईन बंद करून मी तोडायला चढलो
की खाली कोणीतरी स्कूटर थांबवतं:
अहो, फुलं तरी ठेवा!
दादा, धरलंय ते फुलांनीच.
घोसाच्या शेंड्याला बारीक दोरे असतात,
तारेला विळखा त्यांचा.
पान बिचारं नुसतं सोबत येतं.

लावली हेडाऊ मॅडमनी.
सक्करदऱ्यात टायपिंगचे क्लास घ्यायच्या,
अर्ध्या नागपूरच्या कारकुनांची बोटं त्यांनी वळवलेली.
पश्चिमेची भिंत मे महिन्यात तव्यासारखी,
कुलरमध्ये बादल्या ओतून खांदा गेला,
तेव्हा अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधून,
कोणाची तरी बदली झाली त्या दिवशी,
एक गाठ आणली. डब्यात, ओल्या रुमालात.
लहान बटाट्याएवढी.

पहिल्या वर्षी भिंत झाकली. मॅडम खूश.
दुसऱ्या वर्षी कुलर, गच्चीचा जिना, डिशची छत्री.
मग निमज्यांचं सीताफळ तिच्याखाली जे बसलं
ते पुन्हा उठलं नाही.
निमजे भांडायला आले.
मॅडम म्हणाल्या, कापा नं, मी कुठं अडवून राहिली?
कापली. मुळाशी रॉकेल ओतलं.
पंधरा दिवसांनी निमज्यांच्याच तुळशीमागून
दोन पानं वर आली,
निर्लज्ज, तांबूस, कोवळी.

आमच्याकडे 'येते आहे' कोणी म्हणत नाही.
येऊन राहिली, म्हणतो.
चढून राहिली. फुलून राहिली.
नवे साहेब साताऱ्याचे, त्यांना हसू येतं:
अरे, आली आणि राहिली,
की अजून येतेच आहे? एक काय ते सांग.
साहेब, एकोणीसवर या एकदा.

मॅडम रायपूरला गेल्या, मुलीकडे.
महिनाभरासाठी म्हणून गेल्या.
दोन वर्षं बिल भरलं जात होतं, कोणीतरी फोनवरूनच भरायचं.
मग रात्रपाळीच्या गजूनं सांगितलं,
एकोणीसजवळ काहीतरी गुलाबी पेटून राहिलं,
स्पार्किंग असेल, जाऊन बघा.

गेलो. फाटक सापडेना.
कोयत्यानं वाट काढत काढत आत,
मधमाश्या झोपलेल्या, अंगावर पाकळ्यांचा कचरा,
आणि हिरव्या काळोखात, पोर्चमध्ये,
नऊ वॅटचा एक बल्ब.
जाताना बंद करायचा राहिलेला.
वेल त्याच्याभोवती वीतभर अंतर ठेवून वाढली होती,
की तसं मला वाटलं. रात्री काहीही वाटतं.

पुढं बिलही थांबलं. कायमचा खंडित, असा कागद आला.
मीटर शोधायला मला पाऊण तास लागला.
तार कापली. बल्ब गेला.
वेलीचं एक पानसुद्धा हललं नाही.

मॅडमना फोन लावला, सांगायला हवं म्हणून.
ऐकून घेतलं. म्हणाल्या, बरं.
मग, जरा थांबून:
यंदा फुलं कशी आहेत?

रजिस्टरमध्ये रकाने चार:
तारीख, ठिकाण, बिघाड, शेरा.
बिघाडात मी नेहमी लिहितो: वेल.
शेऱ्यात: काढली.
सत्तावीस वेळा लिहिलंय, मोजलं मी परवा,
'काढली'खाली 'काढली', एकाच अक्षरात,
मॅडमनी पाहिलं असतं तर म्हणाल्या असत्या, ओळ सरळ आहे.

आज पिशवीतून पकड काढताना
तळाला मातीची एक गाठ लागली. लहान बटाट्याएवढी.
पांढरा कोंब बोटभर,
पकडीच्या दांड्याला एक वेढा घालून झालेला.

साहेब जेवायला गेले होते.
पेन उचललं.
शेऱ्यात लिहिलं: येऊन राहिली.